सात फुटांच्या दारातून मिलिटरीचा अडीचटनी ट्रक आत कसा घ्यायचा?

[गॅरेजच्या दारात, कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. माझ्या मागचं हे गॅरेजचं दार बघा. 7 फूट उंच. आणि बाजूला उभा आहे तो एम 35 ए 2, अमेरिकन सैन्याचा अडीचटनी, म्हणजे अडीच टन माल वाहणारा ट्रक. हौद्यावरच्या ताडपत्रीपर्यंत मोजला तर 9 फूट 4 इंच. इकडचे हौशी लोक त्याला लाडानं 'ड्यूस' म्हणतात. हा ट्रक या दारातून आत जातो. दाराला करवत न लावता, ट्रकचा एकही भाग न कापता. कसा, ते आज दाखवतो.

आधी एक सांगतो, कारण हे विचारणारे खूप आहेत: बाहेरच का नाही ठेवत? मी मिशिगनमध्ये राहतो. इथे हिवाळ्यात चार-चार महिने बर्फ, रस्त्यांवर मीठ. या ट्रकच्या केबिनला छत कापडाचं. दारांच्या फटींतून पाणी आत येतं, पायाखालच्या पत्र्यावर साचतं, आणि पत्रा तिथूनच सडायला लागतो. शिवाय अमेरिकेतल्या बऱ्याच वसाहतींचे नियम असा ट्रक घरासमोर उभा करू देत नाहीत. आणि मला एक गोष्ट मनापासून वाटते. या ट्रकची मूळ रचना याच राज्यात, लान्सिंगच्या रिओ मोटर्सनं 1950 च्या सुमारास केली. तो इथेच अंगणात गंजून जावा हे मला बघवत नाही.

आता मुद्दा. बहुतेक लोक ट्रक घेतात आणि लगेच गॅरेजकडे बघायला लागतात. दार उंच करू, वरचा बीम उचलू, छत वाढवू. थांबा. आधी ट्रक नीट वाचा. अगदी शब्दशः वाचा.

[कॅमेरा डॅशबोर्डजवळ]

ही डॅशबोर्डवरची पाटी दिसतेय? यावर ट्रकची लांबी, रुंदी, उंची आणि वजन कोरलेलं असतं, जहाजावर चढवताना लागतं म्हणून. एम 35 ची उंची दोन प्रकारे सांगतात. ताडपत्रीसकट 112 इंच. आणि सगळं उतरवल्यावर 81 इंच. सात फूट म्हणजे 84. म्हणजे सैन्यानंच आपल्यासाठी गणित करून ठेवलंय.

असं का केलं असेल? कारण जहाजाचा तळ म्हणजे सुद्धा एक गॅरेजच, आणि तिथली प्रत्येक इंच जागा महाग. दुसऱ्या महायुद्धात जनरल मोटर्सनं सीसीकेडब्ल्यू नावाचे अडीचटनी ट्रक 5 लाखांहून जास्त बनवले. सुरुवातीला केबिन पत्र्याची होती. युद्ध ऐन भरात असताना ती कापडी छताची केली: पोलाद वाचलं, आणि जहाजात ट्रकची उंचीही कमी झाली. काही ट्रक तर सुटे करून, खोक्यांत भरून पाठवले आणि बंदरावर पुन्हा जोडले. युद्ध संपल्यावर आपल्याकडे 'डिस्पोजलची गाडी' म्हणून जे ट्रक फिरले, ते याच काळातले. एम 35 त्यांच्यानंतरच्या पिढीचा, पण युक्ती तीच: उंची कमी करता यायला हवी.

तर काय काय उतरतं? हौद्यावरची ताडपत्री आणि तिच्या कमानी. हौद्याच्या बाजूच्या लाकडी फळ्या. केबिनचं कापडी छत. मग समोरची काच, ती अख्ख्या चौकटीसकट पुढे बॉनेटवर आडवी होते. काच आणि बॉनेट यांच्यामध्ये जुनी गोधडी घाला, नाहीतर रंग जातो. आणि उजव्या बाजूची ही उभी एक्झॉस्ट नळी. ही लोक हमखास विसरतात. क्लॅम्प सैल केला की निघते, पण गरम असताना हात लावू नका.

एवढं झालं की सगळ्यात उंच काय उरतं? स्टिअरिंग. आणि स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाचं डोकं.

हे मी मुद्दाम ठासून सांगतोय. पाटीवर 81 इंच लिहिलंय ते रिकाम्या ट्रकचं. तुम्ही सीटवर ताठ बसलात तर तुमचं कपाळ दाराच्या बीमच्या बरोबर समोर येतं. सहा टनांचा ट्रक हळू सरकत असला तरी थांबायला वेळ घेतो. म्हणून माझी पद्धत अशी: सीटची गादी काढायची, खाली बसायचं, मान स्टिअरिंगच्या खाली. आणि ट्रक नेहमी उलटा, रिव्हर्समध्ये आत घ्यायचा. याचे दोन फायदे. आधी हौदा आत जातो, तो बुटका आहे. तुमचं डोकं बीमखाली येतं ते अगदी शेवटच्या काही फुटांत. आणि इंजिन दाराकडे राहतं, त्यामुळे धूर बाहेर जायला वाट मिळते. ट्रक जागेवर आला की त्याच क्षणी इंजिन बंद. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, दार सताड उघडं असलं तरी नाही.

[दाराच्या खालच्या कडेवर बोट ठेवून]

आता मोजमाप. इथे मी स्वतः फसलोय, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पाटी बघितली, 81. दार मोजलं, 84. तीन इंच मोकळे, म्हटलं झालं काम. ट्रक दारापाशी आणला, आणि भाचा ओरडला, "मामा, थांब! हे बसत नाहीये." खाली उतरून बघतो तर फट शून्य. कुठे गेले तीन इंच?

दीड इंच दारानं खाल्ले. फळ्याफळ्यांचं हे दार वर सरकून छताला समांतर जातं, पण मोटर त्याला पूर्ण वर नेत नाही. खालची कड, त्या रबरी पट्टीसकट, चौकटीच्या खाली लोंबत राहते. मी चौकट मोजली होती, लोंबणारं दार नाही. उरलेले दीड इंच टायरांनी खाल्ले. कारखान्यातून हा ट्रक 9.00-20 टायरांवर येतो. आधीच्या मालकानं 11.00-20 बसवले होते, म्हणजे अख्खा ट्रकच वर उचललेला. पाटी त्या काळची, टायर आजचे.

म्हणून टेप पाटीवर नाही, ट्रकवर लावा. स्टिअरिंगच्या वर एक सरळ पट्टी आडवी धरा, तिच्यावर पाणसळ ठेवा, बुडबुडा मधे आला की दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंत मोजा. दार मोजताना ते उघडलेलं असू द्या आणि सगळ्यात खाली जे काही लोंबतंय तिथून मोजा. दोन टोकांना आणि मधे, तीन ठिकाणी.

तोडगा काय केला? मोटरची लाल दोरी ओढून दार मोकळं केलं, हातानं पूर्ण वर ढकललं, आणि ट्रॅकवर रोलरच्या खाली व्हाइस ग्रिप, म्हणजे घट्ट पकडून राहणारी पक्कड, आवळून बसवला, म्हणजे दार खाली सरकणार नाही. दीड इंच परत मिळाला. मग पुढच्या दोन टायरांमधली हवा थोडी कमी केली. पुलाखाली अडकलेला ट्रक काढायला आपल्याकडे हेच करतात. त्यातून आणखी एक इंच. काम झाल्यावर ट्रकच्याच हवेच्या टाकीतून टायर पुन्हा भरून घेतले. नरम टायरवर महिनोन्महिने उभा ठेवू नका.

दारावरच्या त्या जाड स्प्रिंगला मात्र हात लावू नका. त्यात प्रचंड ताण साठवलेला असतो, माणसं गंभीर जखमी झाली आहेत. ट्रॅक बदलायचा असेल, किंवा मधली मोटर काढून भिंतीवरची बसवायची असेल, तर कारागीर बोलवा. बीम उचलायची वेळ आलीच तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि परवानगी, दोन्ही.

रुंदी: ट्रक 8 फूट. 8 फुटी सिंगल दारातून विचारच करू नका. 9 फुटीतून दोन्हीकडे सहा-सहा इंच, आरसे दुमडून. माझं दार 16 फुटी आहे, तिथे प्रश्न नाही.

लांबी खरी अडचण. विंचशिवाय (विंच म्हणजे पुढच्या बंपरवरचं तार ओढायचं यंत्र) सुमारे 22 फूट, विंच असेल तर 23 च्या वर. बरीच गॅरेजं 20 फूट खोल असतात. यावर ट्रककडे उत्तर नाही, कारण लांबी दुमडत नाही. माझं गॅरेज 24 आहे म्हणून जमलं. तुमचं 20 असेल तर डॉज एम 37 सारखा पाऊणटनी बघा, तो सहज मावतो. आणि एलएमटीव्ही, म्हणजे एम 35 च्या जागी आलेला नवा ट्रक, घ्यायचा विचार असेल तर 7 फुटी दार विसरा, त्याची केबिन पत्र्याची आणि इंजिनावर बसवलेली.

आणखी एक, उतार. तुमचं गॅरेज रस्त्यापेक्षा खाली असेल तर मागची चाकं आत सपाटीवर आणि पुढची अजून उतारावर, अशी वेळ येते. तेव्हा ट्रकचा मधला भाग दाराखाली वर उचलला जातो. या ट्रकचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 154 इंच. 100 ला 12 असा उतार धरला तर स्टिअरिंगपाशी सुमारे 4 इंच. म्हणजे सपाट जमिनीवर पाटीनुसार मिळणारी तीन इंचांची फट गेली, वर एक इंच बीमला लागला. आधी कागदावर बाजूचं चित्र काढा, पुठ्ठ्याचा ट्रक कापा आणि त्या उतारावरून सरकवून बघा. मी अजूनही असंच करतो.

फरशीचं विचारतात. रिकामा ट्रक 13,000 पौंड, म्हणजे 5,900 किलोच्या आसपास, पण चाकं 10. चांगल्या 4 इंची काँक्रीटवर मला कधी तडा दिसला नाही. भीती जॅकची आहे. सगळा भार तळहाताएवढ्या जागेवर येतो. जॅकखाली जाड लाकडी फळी आणि पोलादी पत्रा, दोन्ही घाला.

[ट्रक आत जाताना]

आता बघा. हौदा मागच्या भिंतीला लागण्याआधीच ट्रक थांबावा अशा बेतानं जमिनीवर आडवं लाकूड टाकलंय, टायर त्याला टेकला की थांबायचं. भाचा दाराशी उभा आहे. आमचा नियम एकच: तो दिसेनासा झाला की मी थांबतो. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स, लो रेंजमध्ये, रिव्हर्स, पाय ॲक्सिलरेटरवर नाहीच.

"येऊ दे... येऊ दे... मामा, मान खाली... येऊ दे... बास!"

इंजिन बंद. चाकांना ठोकळे लावले. बॅटरीची वायर काढली. आता व्हाइस ग्रिप सोडतो आणि दार मोटरनं नाही, हातानं खाली आणतो. बंपर आणि दार यांच्यामध्ये, हे बघा, माझा पंजा आडवा मावतोय.