भिंतीपासून सुटलेली यंत्रं

श्रोतेहो, नमस्कार.

1954 साली जन्मलेल्या माणसाने आज सत्तरी ओलांडली आहे. त्याच वर्षी अमेरिकेत रीजन्सी टीआर-1 हा बाजारात विकला जाणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ आला. त्यात ट्रान्झिस्टर होते अवघे 4. आधीच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. ते तापल्याशिवाय आवाज फुटत नसे, आणि वीजही भरपूर लागे. ट्रान्झिस्टर तापवावा लागत नाही, म्हणून रेडिओ टेबलावरून उठला आणि खिशात गेला. या एका आयुष्यातल्या यंत्रांकडे मी असंच बघतो. वेग किती वाढला ते राहू द्या. कोणती वस्तू भिंतीतल्या प्लगपासून सुटली, आणि सुटल्यावर ती घरातल्या चार माणसांपासूनही सुटली का?

वॉकमनचंच, म्हणजे सोबत नेता येणाऱ्या छोट्या कॅसेट प्लेअरचंच घ्या. साल 1979. सोनीच्या मसारू इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकायचं होतं. अभियंत्यांनी कंपनीचाच एक छोटा रेकॉर्डर घेतला, रेकॉर्डिंगची सोय काढली आणि स्टिरिओ आवाज बसवला. रेकॉर्ड न करणारा रेकॉर्डर घेणार कोण, अशी शंका कंपनीतच होती. सोनीचेच आकिओ मोरिता यांची काळजी वेगळीच. बरोबर माणसं असताना एकट्यानेच कानाला लावून बसणं त्यांना असभ्य वाटलं! म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायला 2 जागा ठेवल्या. वर एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि शेजारच्याचं बोलणं मायक्रोफोनमधून कानात यायचं. एवढी सोय करूनही लोक एकेकटेच ऐकत निघाले, आणि पुढच्या मॉडेलांतून दुसरी जागा गेली. आता तर कित्येक मोबाइलांत एकही उरलेली नाही. मोबाइलमधल्या एफएमला हेडफोनची वायरच एरियल म्हणून लागते, त्यामुळे आम्हा रेडिओवाल्यांना हे जरा जास्तच लागतं. असो.

सीडी, एमपीथ्री वगैरे मंडळींनी पुढे ऐकण्याचं सामान बदललं, सवय तीच राहिली.

फोनने मात्र सवयच मोडली. 3 एप्रिल 1973 रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या मोबाइलवर फोन लावला, तोही प्रतिस्पर्धी बेल लॅब्समधल्या जोएल एंगल यांना. दुकानात यायला त्या फोनला आणखी 10 वर्षं लागली. वजन पाऊण किलोहून जास्त, चार्जिंगला सुमारे 10 तास आणि बोलायला जेमतेम अर्धा तास. तोवर फोन घराला यायचा आणि जवळ असेल तो उचलायचा. आता तो थेट माणसाला येऊ लागला.

त्या अर्ध्या तासाचा दिवसभर झाला, त्यात बॅटरीचा वाटा फार मोठा. लिथियम हा सर्वांत हलका धातू, त्यामुळे थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठते. 1991 साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. माझ्या मते ट्रान्झिस्टरनंतरचा सर्वांत मोठा टप्पा हाच. पण बॅटरीसाठी दुकानाबाहेर रांग कोण लावणार? या कामाचं नोबेल 2019 मध्ये तिघांना मिळालं. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते आणि टेक्सास विद्यापीठात आणखी चांगल्या बॅटरीवर संशोधन करत होते.

नमस्कार.