दाढ ठणकते, पण पाय निघत नाही

श्रोतेहो, नमस्कार. दातांच्या दवाखान्यात बरीच मंडळी येतात ती गाल सुजल्यावरच. तोवर लवंग धरून, मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस ढकललेले असतात. का थांबलात विचारलं, की उत्तर ठरलेलं: “डॉक्टर, इंजेक्शनची भीती वाटते हो.”

ही भीती खोटी नाही. तोंड उघडं, बोलता येत नाही, आत काय चाललंय दिसत नाही आणि कानाशी मशीनचा तो बारीक आवाज. त्यातून लहानपणी कुणी नीट बधिर न करता दात ओढला असेल, तर ती आठवण पन्नाशीतही पिच्छा सोडत नाही.

पण एक गोष्ट आवर्जून सांगते. बधिर करायला आम्ही बहुतेक वेळा लिग्नोकेन वापरतो. १९४८ पासून ते वापरात आहे. एरवी त्याचा गुण चांगला येतो. मात्र दाढेखाली पू झाला की तिथली आम्लता वाढते आणि औषध दाताच्या नसेपर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणजे ज्या दुखण्याच्या धास्तीनं आपण दवाखाना टाळतो, ते टाळल्यानंच वाढतं. कीड वरवर असेल तर दाढ बऱ्याचदा इंजेक्शनशिवायही भरता येते.

म्हणून खुर्चीत बसल्याबसल्या सांगा, “मला भीती वाटते.” लाजू नका. मग डॉक्टर आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावतील, औषध हळूहळू सोडतील. घाईनं सोडलं की हिरडीवर ताण येऊन जास्त दुखतं. डावा हात वर केला की काम थांबवायचं, एवढं आधीच ठरवून घ्या. अर्धी भीती तिथंच उतरते. इंजेक्शननंतर छातीत धडधडलं, तर ते अनेकदा त्यात मिसळलेल्या ॲड्रेनलिन या औषधामुळे असतं आणि काही मिनिटांत ओसरतं. उपाशीपोटी येऊ नका, चक्कर येते. बीपी, साखर, हृदयाचं काही असेल तर आधी सांगा. आणि वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, हे साफ चुकीचं आहे. दाढेची आणि दृष्टीची नस वेगळी.

आईबाबांनो, “जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील” असं मुलांना कृपा करून म्हणू नका. पहिला दात आला की, बाळ वर्षाचं व्हायच्या आत, त्याला एकदा दाखवून आणा. काही दुखत नसतानाच आणा. डॉक्टर दात बघतील, ते कसे पुसायचे ते तुम्हाला दाखवतील आणि घरी पाठवतील.