कसणाऱ्याचं नाव कुठे लिहायचं?

ठाण्यातल्या या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांचं गाव मुरबाड, शहापूर नाहीतर भिवंडी तालुक्यात असेल. सातबाऱ्यावर नाव आहे, भाताची खाचरं आहेत, आणि ती कसतंय दुसरंच कोणी. मला आज त्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

पीएम किसान योजना डिसेंबर २०१८पासून लागू झाली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. २०२३मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० त्यात घातले. पैसे थेट खात्यात, मध्ये दलाल नाही. ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती मनापासून मानतो. पण पात्रता ठरते जमिनीवरच्या नावावरून. खंडाने, म्हणजे ठरलेला मोबदला देऊन, किंवा अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला या योजनेत जागाच नाही.

एक सातबारा डोळ्यांपुढे आणा. सामाईक खातं, वारसनोंदीने चढलेले चार भाऊ. दोघे डोंबिवलीत, एक कळव्यात, एक गावातच पण रिक्षावर. पगार प्राप्तिकर भरण्याइतका नाही, सरकारी नोकरी नाही, म्हणून चौघांनाही हप्ता येतो. त्यात बेकायदा काहीच नाही. खाचरात मात्र राब (रोपांसाठीची जमीन) भाजतं, पेरतं, जुलैत दिवसभर चिखलात वाकून लावणी करतं ते शेजारच्या पाड्यावरचं कातकरी कुटुंब. निम्मं भात मालकाला जातं. परतीच्या पावसात कापलेलं भात भिजलं, तर पंचनामा होतो त्याच खाचराचा, पण भरपाई जमा होते खातेदाराकडे. भात उत्पादकांना सरकार देतं त्या बोनसचंही तेच. पूर्वी तो क्विंटलमागे मिळायचा; २०२२-२३मध्ये हेक्टरी १५,००० झाला, पुढच्या वर्षी २०,०००, दोन हेक्टरांपर्यंत. नोंदणीला सातबारा लागतो. अर्धेलकऱ्याने तो आणायचा कुठून?

मग लेखी करार का करत नाहीत? कारण १९४८चा कूळ कायदा. १ एप्रिल १९५७ला, कृषक दिनी, त्याने कुळांना मालक केलं. तो कायदा झाला नसता तर आज या सभागृहातल्या काही जणांच्या नावावर गुंठाभरही जमीन नसती. पण तेव्हापासून मालकाला धास्ती बसली ती बसलीच: कागद केला की कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल. मुंबईच्या एवढ्या जवळ, जमिनीला आलेल्या भावात, ती धास्ती मी खोटी म्हणणार नाही. म्हणून सगळा व्यवहार तोंडी, आणि तोंडी व्यवहाराला सरकारदरबारी किंमत शून्य.

आंध्र प्रदेशाने २०१९मध्ये यासाठी कायदा केला. ११ महिन्यांचं पीक लागवडदार कार्ड, जमिनीवर कुठलाही हक्क नाही, फक्त पिकाशी संबंधित लाभ. अडलं ते मालकाच्या सहीवर. अनेक मालक सही द्यायलाच तयार होईनात. हा धडा आपण आयता घ्यायला हवा.

आपल्याकडे २०२१पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाइलवरून नोंद, आहे, २०२५पासून शेतकरी ओळख क्रमांक आला आहे, आणि तोही सातबाऱ्यालाच बांधलेला. माझी मागणी साधी आहे. पीक पाहणीत त्या हंगामापुरता कसणाऱ्याचा रकाना द्या, आणि या नोंदीने कुळाचा हक्क लागणार नाही असं कायद्यातच लिहा. मालकाची सही नको, ग्रामसभेची शिफारस पुरे. कोण कोणाचं रान कसतंय हे गावात प्रत्येकाला ठाऊक असतं. नुकसानभरपाई आणि बोनस आधी या नोंदीवर द्या. सन्मान निधीचं त्यानंतर बोलू.