गोठ्यातला दिवा

नमस्कार श्रोतेहो. आज हॅम रेडिओबद्दल, म्हणजे हौशी रेडिओबद्दल बोलणार आहे. परवाना काढून, आपल्या सेटवरून जगभरच्या हौशी मंडळींशी बोलायचा हा छंद. त्यातही स्पर्धेबद्दल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी 'सीक्यू वर्ल्ड वाइड' ही जागतिक स्पर्धा असते. आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. सलग 48 तास, जगभरातल्या जास्तीत जास्त केंद्रांशी बोलायचं. जगाचे 40 विभाग केलेत आणि आपण 22व्या विभागात येतो. म्हणून आमचा प्रत्येक निरोप एकच, "फाइव्ह नाइन टू टू". फाइव्ह नाइन म्हणजे तुमचा आवाज स्पष्ट आणि जोरदार, टू टू म्हणजे आमचा विभाग. समोरच्यानं त्याचा विभाग सांगितला की नोंद झाली, पुढचा गडी.

आमचा क्लब यासाठी डोंगरावर जातो. का? उंची हवी म्हणून नव्हे, शांतता हवी म्हणून. शहरात एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची इतकी खरखर असते की दूरचा आवाज त्यात बुडून जातो. पुन्हा सांगतो, उंचीसाठी नाही, शांततेसाठी.

एका वर्षी सासवडच्या पुढं एका पठारावर, शेताच्या बांधाला मुक्काम टाकला. बांबू उभा केला, त्यावरून दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर तार खाली ओढली. ही चाळीस मीटर पट्ट्यावरची एरियल. दिवसभर झकास चाललं. दिवस मावळला आणि सेटमध्ये घर्रर्र सुरू झालं. येणाऱ्या लहरींचा जोर दाखवणाऱ्या मीटरची सुई सातवर जाऊन बसली. केबल बदलली, कनेक्टर पुसले, लॅपटॉप बंद केला. सुई ढिम्म हलेना.

शेवटी खिशातला ट्रान्झिस्टर काढला. मध्यम लहरीवर दोन केंद्रांच्या मधे, रिकाम्या जागी लावला आणि अंधारात चालू लागलो. घर्रर्र जिकडं वाढेल तिकडं पाऊल. ही युक्ती घरीही करून बघा, कुठला दिवा सतावतोय ते दोन मिनिटांत कळतं. चालत चालत पोचलो एका गोठ्यापाशी. आत एलईडीचा बल्ब आणि त्याच्याखाली एक आजी गाईच्या पाठीवरून हात फिरवत बसलेल्या.

म्हटलं, "आजी, एवढा दिवा घडीभर बंद कराल का?"

"आरं लेकरा, गाय व्यायला झालीया. आंधारात तिचं कसं करू?"

आता काय बोलणार? परत आलो. आमच्याकडं दोन बॅटऱ्या होत्या, दोन्ही गरजेच्या. क्लबमधल्या एका पोरीनं गाडीतला ब्रेकलाइटचा जादा बल्ब काढला, त्याला डाख देऊन दोन वायरी जोडल्या आणि एक बॅटरी उचलून गोठ्यात नेली. (प्रत्येक शाळेत आठवीपर्यंत मुलामुलींना डाख द्यायला शिकवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. कागदी फुलं पुष्कळ झाली.) तारेचा साधा बल्ब तो, त्याला आवाज कुठला? आजींनी एलईडी बंद केला आणि बांधावरून आमचा गडी ओरडला, "दोनवर आली!" सुई सातवरून दोनवर.

एक बॅटरी गेल्यामुळं शंभर वॅटवरून पंचवीसवर उतरलो. पण हे लक्षात ठेवा, पॉवर चौथाई झाली तरी समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक घर कमी होतं. आम्हाला मात्र पाच घरांची शांतता मिळाली होती. पहाटे पाचच्या सुमारास त्या शांततेत एक बारीक, थरथरता आवाज उमटला, "फाइव्ह नाइन वन वन." अकरावा विभाग, ब्राझील! आदल्या संध्याकाळी तो आम्हाला ऐकूसुद्धा आला नसता.

ऐकण्याचं हे महत्त्व नुसत्या खेळापुरतं नाही बरं का. 2004 च्या डिसेंबरात आपल्यातल्याच एक हॅम, भारती प्रसाद, हौशी रेडिओच्या मोहिमेवर अंदमानात गेल्या होत्या. त्सुनामी आली आणि मोहिमेचे तेच सेट पोर्ट ब्लेअरहून लोकांचे निरोप पोचवायला लागले.

उजाडल्यावर बॅटरी आणायला गेलो तर कालवड उभी राहून लुचत होती. आजींनी तांब्याभर चीक दिला. दुपारी पठारावर स्टोव्हवर खरवस झाला, वेलदोडा नव्हता तरी झाला.

आजींनी विचारलं, "त्या लांबच्या मानसाला सांगितलं का, कालवड झाली म्हून?"

स्पर्धेत तेवढा वेळ नसतो. पण संध्याकाळी नागपूरचं एक केंद्र मिळालं. आपल्याच देशातलं, म्हणजे गुण शून्य. त्यांना थांबवलं आणि सांगितलं, "कालवड झालीय. पांढऱ्या कपाळाची."