गव्हाचा कण आणि घरची भाकरी

मैत्रिणींनो, ग्लुटेन हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा माझी लेक आठ वर्षांची होती. पोट सतत फुगलेलं, उंची अडलेली, आणि लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने देऊनही हिमोग्लोबिन काही वर येईना. शेवटी सिलिअ‍ॅक नावाचा आजार निघाला. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक परदेशी धान्य) यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की अशा माणसाचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. अस्तर झिजलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. इलाज एकच, जन्मभराचं पथ्य.

हे फार जुनं ज्ञानही नाही. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञानं या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध 1950 साली आपल्या प्रबंधात मांडला. त्याआधी कित्येक पोरं केवळ निदानाअभावी गेली असतील, हे मनात आलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात रडत बसले होते. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "ज्वारी चालते का गं?" चालते! ज्वारी, बाजरी, नाचणी, राळे, वरी, राजगिरा, तांदूळ, मका, सगळ्या डाळी, शेंगदाणे, सगळं चालतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपली मालदांडी जातीची ज्वारी तर घरोघरी. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. दुकानात 'ग्लुटेन फ्री' म्हणून जी महागडी बिस्किटं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच पुड्यांत स्टार्च आणि साखर यांचाच भरणा. त्यांच्या नादी लागू नका.

मग आम्ही गहू बंद केला, दोन्ही वेळा भाकरी. तीन महिने झाले, तरी पोरीचं पोट दुखतच होतं. एक दिवस गिरणीत उभी होते. माझ्या पुढचा डबा गव्हाचा. तो संपला, आणि त्याच जात्यात माझी ज्वारी ओतली. पहिलं पीठ पडलं ते चक्क पिवळसर. मी तिथेच डोक्याला हात लावला. हिशेब सांगते. आपल्या देशात 'ग्लुटेनमुक्त' म्हणवायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. एक ग्रॅम कणकेत ते 100 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे चिमूटभर कणीक 5 किलो पीठ त्या मर्यादेला नेऊन भिडवते! गिरणीवाल्या दादांचा काय दोष? आपणच कधी सांगितलं नव्हतं. आम्ही घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच घालत नाही. ज्वारी निवडताना गव्हाचा दाणा दिसला तर काढायचा, मग धुऊन कडक उन्हात वाळवायची.

तसंच हिंगाचं. डबीवरचं बारीक अक्षर वाचा, पुष्कळ हिंगात गव्हाचं पीठ असतं. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांत कणीक बसते, म्हणून लेकीचं पोळपाट वेगळं, तवाही वेगळा. बाहेरची भजी बेसनाची असली तरी त्याच कढईत समोसे तळलेले असतात.

आता भाकरी. कणकेला ताण येतो तो ग्लुटेनमुळे. ज्वारीत तो नाही, म्हणून आधणाचं पाणी लागतं. अर्ध्या पिठावर उकळतं पाणी ओता, उलथन्यानं हलवा, पाच मिनिटं झाका. मग उरलेलं पीठ घालून तळहातानं चांगलं रगडा. उंडा दाबल्यावर कडेला चिरला नाही की थापायला घ्या. पीठ आठवड्यापुरतंच दळा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी परातीतच फुटते.

डब्याला मी धपाटे देते. ज्वारीच्या पिठात मूठभर बेसन, दही, लसूण, तीळ, कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापायचे. दहा वाजेपर्यंत मऊ राहतात. भाजणीत गहू नको, त्याऐवजी तांदूळ आणि उडीद डाळ थोडी वाढवा. संध्याकाळी ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, नाहीतर ताकातल्या कण्या. प्रवासाला निघालो की कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ती चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेलीच हवी, यावर माझी तडजोड नाही. सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेत पोरीचा हात पाळण्याकडे आणि माझा हात पिशवीतल्या चिवड्याकडे, असं आमचं ठरलेलं.

एक मात्र कळकळीनं सांगते. कुणाच्या पोराचं पोट सतत बिघडत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा, आणि तपासण्या होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडला तर रक्ततपासणीत दोष दिसत नाही आणि निदान हुकतं. आणि ज्यांना त्रास नाही, त्यांनी उगीच पोळीला घाबरू नये. माझा मुलगा मजेत पोळी खातो, फक्त ताईच्या तव्यावरची नाही.

आता इकडे या, पाणी उकळलंय. कुणाला उंडा करून बघायचाय?