रात्री अकराची नोंद

[दृश्य: राजाराम बंधारा, पाण्याच्या पातळीची पट्टी]

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठला की आधी विचारतो, बंधाऱ्यावर किती फूट? ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पण पाणी ओसरल्यावर पंचगंगा कधी चढायला लागली, किती वेगानं चढली, हे विचारायचं तर तासातासाच्या नोंदीच लागतात.

[दृश्य: उद्यमनगर, वर्कशॉपमागची छोटी खोली, सर्व्हर]

इथला बिलिंगचा सर्व्हर रात्रपाळीत अडकायचा. "दादा, काल परत अडकलं बघा," असा निरोप यायचा आणि सकाळी मी पोचेपर्यंत मशीन ठणठणीत. मात्र त्यावर परफॉर्मन्स को-पायलट चालू होतं, मशीनच्या कामावर नजर ठेवणारं साधन. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत घडलेलं हे सॉफ्टवेअर २००० साली सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यातला पीएमलॉगर ठरावीक अंतरानं प्रोसेसर, मेमरी, डिस्कचे आकडे अर्काइव्हमध्ये, म्हणजे साठवलेल्या नोंदींच्या फाइलींत, टिपत राहतो.

[दृश्य: स्क्रीनवर सी प्रोग्राम]

त्या रात्रींच्या नोंदी वाचायला हा छोटा प्रोग्राम. त्यातलं पहिलं फंक्शन, पीएम-न्यू-कॉन्टेक्स्ट. चालू मशीनऐवजी अर्काइव्ह वाचायचंय, एवढं इथं सांगायचं. पुढचा बहुतेक प्रोग्राम चालू मशीनसाठी लिहितो तोच राहतो. ज्यांनी ही रचना केली, त्यांनी आमच्यासारख्यांचे किती कष्ट वाचवले!

मग पीएम-लुकअप-नेम नावावरून मेट्रिकचा, म्हणजे मोजायच्या गोष्टीचा, क्रमांक देतं, पीएम-सेट-मोड कुठल्या वेळेपासून वाचायचं ते ठरवतं, आणि पीएम-फेच एकेक नोंद हातात ठेवतं. नोंदी संपल्या की ते तसा एरर कोड देतं. वाचून झालेली नोंद पीएम-फ्री-रिझल्टनं मोकळी करायची. लांबलचक अर्काइव्ह वाचताना हे विसरलात, तर तुमचाच प्रोग्राम मेमरी खात सुटेल.

नवखा माणूस फसतो तो आकड्याच्या अर्थात.

[दृश्य: स्क्रीनवर दोन आकडे, जवळून]

डिस्कवरच्या लेखनाची ही नोंद: ८,४०,२००. मिनिटानंतरची: ८,६४,२००. हा काउंटर आहे, मशीन सुरू झाल्यापासूनची एकूण बेरीज. घरातल्या विजेच्या मीटरसारखा, चढतच जाणारा. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. वजाबाकी २४,०००, भागिले ६०: सेकंदाला ४०० वेळा लेखन. लोड अ‍ॅव्हरेजचं, म्हणजे मशीनवरच्या कामाच्या भाराचं, तसं नाही, तो त्या क्षणाचा आकडा, बंधाऱ्यावरच्या पातळीसारखा थेट वाचायचा. कुठलं मेट्रिक कुठल्या जातीचं, हे पीएम-लुकअप-डेस्क सांगतं. ते न विचारता आलेख काढू नये, असं मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

[दृश्य: आलेख, अकराच्या ठोक्याला उभी चढण]

तीन रात्रींच्या नोंदी एकाखाली एक लावल्या. तिन्ही रात्री बरोबर अकराला लेखन चढलेलं. क्रॉनटॅब उघडली, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी. बॅकअप अकराला, दिवसभराच्या बिलांचा अहवालही अकराला. बॅकअप पहाटे तीनवर नेला आणि चौथ्या रात्रीचं अर्काइव्ह त्याच प्रोग्रामला दिलं.

[दृश्य: नवा आलेख. अकराला लहानसा उंचवटा, तीनला दुसरा.]