आयुक्तालयातून बागपतला

पोलीस आयुक्त खासदार होतो म्हणजे नेमकं काय होतं? लांब जायला नको, सत्यपाल सिंहांचंच घ्या. नागपूर, पुणे, मुंबई अशी तिन्ही आयुक्तालयं त्यांनी सांभाळली. मुंबईची खुर्ची हातात असताना जानेवारी २०१४ च्या अखेरीस राजीनामा दिला आणि २ फेब्रुवारीला मेरठच्या सभेत भाजपमध्ये दाखलसुद्धा झाले. मे महिन्यात बागपतमधून निवडून आले. चौधरी चरणसिंहांचा तो गड. त्यांचे चिरंजीव अजितसिंह तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले.

आता बघा, उभी हयात नोकरी महाराष्ट्रात आणि मतं मागितली उत्तर प्रदेशात. सिंहांच्या आधीचे मुंबईचे आयुक्त अरूप पटनायक, त्यांचंही तेच. ऑगस्ट २०१२ मध्ये आझाद मैदानाच्या दंगलीनंतर त्यांना हटवून मुंबईत सिंहांना आणलं होतं. पटनायक पुढे ओडिशात बिजू जनता दलातून २०१९ ला भुवनेश्वर आणि २०२४ ला पुरी लढले, दोन्हीकडे पडले. भाजपच्या अण्णामलाईंची पोलिसी वर्दी कर्नाटकातली, राजकारण तमिळनाडूतलं. नोकरी केलेल्या शहरातच मतं मागायचं धाडस किरण बेदींनी केलं, आणि २०१५ ला दिल्लीत कृष्णानगरला हरल्या. गावाकडे नातीगोती, जात, ओळख असते हे खरंच. पण ज्या गावात आपण हुकूम सोडले तिथे हात जोडून जाणं अवघड, असंही मला वाटतं.

तो हुकूम कसा असतो हे नागपूरकरांना सांगायला नको. हिवाळी अधिवेशन आलं की मोर्चा कुठे अडवायचा, बॅरिकेड्स कुठे लावायचे, हे आयुक्तालयात ठरतं. मोर्चे अडवतात त्या टी पॉइंटला हजारो माणसं रस्त्यावर बसलेली असतात आणि शिष्टमंडळाच्या चार-पाच जणांना पोलिसांच्याच गाडीतून विधान भवनात नेतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ जण गेले. त्यांचं स्मारक झिरो माईलजवळ आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही त्यांचंच नाव आहे. त्या वेळी राजीनामा दिला तो आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचडांनी. बंदोबस्त पोलिसांचा असला, तरी जाब मंत्र्यालाच द्यावा लागतो.

आयुक्ताला ही सवय नसते. तो बोलला की खालून 'जी सर' येतं. सिंह केंद्रात राज्यमंत्री झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत म्हणाले, डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे. गृहस्थ रसायनशास्त्र शिकलेले! देशभरच्या वैज्ञानिकांनी सह्यांचं निषेधपत्र काढलं, खात्याच्या कॅबिनेट मंत्र्यांनाही त्यांना आवर घालावा लागला. कंट्रोल रूममध्ये असं कोणी केलं असतं का?

मला खरी खुपते ती राजीनामा आणि पक्षप्रवेश यांच्या मधली दोन-चार दिवसांची फट. आयपीएस अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर लगेच खासगी कंपनीत नोकरी धरायची तर वर्षभर सरकारची परवानगी लागते. पक्षात जायला, तिकीट घ्यायला असली काही अट नाही. निवडणूक आयोगाने मध्ये काही काळ जाऊ द्यावा असं सुचवलं होतं. केंद्राने ते मानलं नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय कायदेमंडळाचा म्हणून याचिका फेटाळली. म्हणजे ठरवायचं कोणी? तर ज्या पक्षांना असे उमेदवार हवे असतात, त्यांच्याच खासदारांनी.